बेळगावी डबाच, पण हलका: कामावर न्यायचं जेवण कसं भरायचं

माझा डबा मी स्वतः भरतो. बायको हॉस्पिटलात नर्स आहे, तिची फर्स्ट शिफ्ट असली की साडेसहालाच घराबाहेर, आणि मी उद्यमबागला एका कारखान्यात डिस्पॅचला बसतो, मला नऊला पोचायचं असतंय, त्यामुळं दोघांचे डबे माझ्याकडं आले, हौसेनं काय घेतलेलं काम नव्हे ते. पण दोन वर्षं झाली आता, हात बसलाय, आणि तेवढ्यात नऊ किलो वजन उतरलंय. सेक्शनमधली पोरं रोज विचारतात अण्णा डब्यात काय असतंय तुमच्या, सांगा की. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो.

सुरवात शुगरनं झाली. काठावर आली होती, डॉक्टर म्हणाले गोळी आत्ताच नको, आधी पोट कमी करा. मग सगळेजण करतात तेच मी केलं, ओट्स आणले, ते किन्वा म्हणतात ते आणलं, ब्राउन ब्रेड, डबाभर काकडी-टोमॅटो. आठव्या दिवशी साडेतीन वाजता कॅन्टीनच्या दारात उभा राहून तिसरा वडा खायला लागलो तेव्हा कळलं की हे आपल्याच्यानं जमणारं नव्हे. लहानपणापासून भाकरी-आमटीवर वाढलेल्या पोटाला दुपारी नुसता पाला दिला तर ते चार वाजता व्याजासकट वसूल करतंय. मग ते सगळं बाजूला ठेवलं, स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल वजनकाटा आणला आणि जो डबा मी आधी न्यायचो तोच एक आठवडा मोजून बघितला. तुम्ही पण हेच आधी करा, बाकीचं नंतर.

माझ्या जुन्या डब्याचा हिशोब असा निघाला. तेल लावलेल्या तीन चपात्या, एकेकीला ४० ग्रॅम पीठ आणि चमचाभर तेल, म्हणजे तिन्ही मिळून सव्वापाचशे-साडेपाचशे कॅलरी. बटाट्याची भाजी दोनशे. भात १५० ग्रॅम, शिजवलेला, त्याचे दोनशे. आमटी शंभर. आणि कोपऱ्यात ती शेंगाची चटणी, वरनं तेल सोडलेली, जिला आपण मोजतच नाही, ती एकटी दोनशे. बाराशेच्या वर गेला डबा! आणि खुर्चीत बसून बिलं फाडणाऱ्या माणसाला दिवसाला सगळं मिळून लागतंय साधारण दोन हजार. आता माझा डबा साडेपाचशे ते सहाशेत बसतोय आणि आकारानं तो आधीपेक्षा मोठाच दिसतोय, खोटं नाही सांगत.

तेल, सगळं तिथंच आहे

भात बंद करा, चपाती बंद करा असं सांगणारे शंभर भेटतील, पण तेलाची बाटली वाकडी करून धार सोडायची बंद करा असं कोण सांगत नाही. एक ग्रॅम पिठातल्या कार्बोहायड्रेटमध्ये किंवा डाळीतल्या प्रोटीनमध्ये साधारण ४ कॅलरी असतात, एक ग्रॅम तेलात ९. चहाचा एक चमचा तेल म्हणजे चाळीसच्या आसपास, आणि आपल्या घरातली एक धार म्हणजे असे तीन-चार चमचे सहज. मी मापून बघितलं, आमच्या आईची "थोडं तेल" म्हणजे ३० मिली होतं. तिला सांगितलं तर म्हणाली, मग कोरडं खा जा.

तर पहिलं काम, बाटली गॅसच्या शेजारनं उचलून कपाटात ठेवा आणि तेलाच्या भांड्यात चहाचा चमचा टाका. दोन माणसांच्या भाजीला दोन चमचे, बास. मोहरी जिरं तडतडायला एवढं पुरतंय, फक्त कढई जाड बुडाची पाहिजे आणि छोटी पाहिजे, पसरट कढईत दोन चमचे तेल दिसतच नाही आणि मग हात परत बाटलीकडं जातोय. कांदा टाकला की लगेच चिमूटभर मीठ टाका, त्याला पाणी सुटतंय, तळाला धरायला लागला की तेल नाही, दोन चमचे पाणी शिंपडा. आणि झाकण ठेवताना ताटलीत पाणी घालून ठेवा, ही काय माझी युक्ती नव्हे, आज्जीच्या काळापासून सगळ्या घरात हेच चालत होतं, वाफेवर भाजी शिजती आणि ताटलीतलं गरम पाणी लागलं तर तेच आत ओतायचं. गॅस आले, नॉनस्टिक आलं, आणि आपण ते विसरलो.

आमच्या टेबलावर धारवाडकडचा एकजण बसतोय, त्याच्या डब्यात महिन्यातनं दोनदा एण्णेगाई असती, भरलं वांगं ओ. कन्नडात एण्णे म्हणजे तेल. ज्या भाजीच्या नावातच तेल आहे ती हलकी करायला जाऊ नका, चव पण जाती आणि समाधान पण. ती महिन्यातनं एकदा मनसोक्त खायची आणि त्या दिवशी भाकरी एकच. मी तरी असंच करतोय.

शेंगदाण्याचं कूट हे दुसरं लपलेलं तेल. १०० ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, निम्म्याच्या आसपास नुसतं तेलच आहे ते. वाईट नाही, प्रोटीन पण भरपूर, पण प्रत्येक भाजीत मूठभर टाकायची आपली सवय आहे ना, ती जड पडती. मी चटणी अशी करतोय, निम्मे शेंगदाणे आणि निम्मी पुटाणी (डाळं म्हणतात ते), लसूण नेहमीपेक्षा जास्त, लाल तिखट, जिरं, मीठ, आणि खलबत्त्यात कुटतो. मिक्सरला लावली तर तेल सुटून गोळा होतोय, कुटली की कोरडी राहती आणि थोडीच लागती. डब्यात चहाचा एक चमचा. वरनं तेल नाही, दही कालवायचं. कारळ्याची चटणी, जवसाची चटणी, त्यांचं पण हेच, बियाच आहेत त्या, तेल असणारच, चमचाभरच घ्यायची.

भाकरी की चपाती की भात

यावर आमच्यात रोज भांडणं होतात म्हणून स्पष्टच लिहितो. जोंधळ्याचं पीठ, गव्हाचं पीठ, नाचण्याचं पीठ, तांदूळ, राळे, सगळ्यांच्या कोरड्या १०० ग्रॅममध्ये कॅलरी जवळपास सारख्याच, सव्वातीनशे ते साडेतीनशे. २०२३ साल भरडधान्यांचं म्हणून जगभर पाळलं आणि आपल्याकडं कर्नाटकात सिरिधान्य सिरिधान्य म्हणून दुकानंच्या दुकानं उघडली, चांगलंच झालं, पण राळ्याचा भात म्हणून दोन वाट्या जास्त खाल्ला तर वजन वाढणारच. फरक कॅलरीत नाही, फरक तंतूमध्ये आणि पोटात किती वेळ राहतंय त्यात आहे. भाकरीचा खरा फायदा वेगळाच आहे, तिच्या पिठात तेल नाही, भाजताना तेल नाही, आणि ती चावून चावून खावी लागती त्यामुळं एक-दीड भाकरीत माणूस थांबतोय, चपात्या कधी चार झाल्या कळत पण नाही.

माझी भाकरी ६० ग्रॅम पिठाची, दोनशे कॅलरी. डब्यात एक. भूक जास्त वाटली तर दीड. नाचण्याची केली तर कॅल्शियम चांगलं मिळतंय, १०० ग्रॅम नाचण्यात साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास, खानापूर भागातल्या माणसाला हे सांगायची गरज नाही, त्यांच्या घरात ती कधी गेलीच नव्हती.

भाकरी दुपारपर्यंत मऊ राहत नाही ही तक्रार सगळ्यांची. पीठ ताजं पाहिजे, महिन्याचं जुनं पीठ असलं की काय पण करा चिरा पडणार. पाणी उकळतं घालून उकड काढल्यासारखं मळायचं. आणि भाजल्यावर सुती फडक्यात गुंडाळून थोडी वाफ जाऊ द्यायची, मग फडक्यासकट डब्यात. फॉइलमध्ये गरम गरम गुंडाळली तर घाम सुटून चिकट होती. हे सगळं नको असेल तर सरळ कडक भाकरी घ्या. पातळ, पापडासारखी, पाकिटात मिळती आपल्याकडं कुठल्या पण दुकानात, आठ-पंधरा दिवस टिकती. माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये एक पाकीट कायम असतंय, ज्या दिवशी सकाळी भाकरी जमली नाही त्या दिवशी नुसती उसळ आणि ताक घेऊन जातो. फक्त पाकिटावरचं लिहिलेलं वाचून घ्या, काहींमध्ये तेल आणि मीठ दाबून असतंय.

भात सोडवत नाही अशा लोकांसाठी, आणि मी पण त्यातलाच, येळ्ळूरचा नवा तांदूळ घरात असताना भात खाऊ नको म्हणणं हे पाप आहे. शिजवलेला भात १०० ग्रॅम म्हणजे १३०च्या आसपास. गच्च भरलेली वाटी दीडशे ग्रॅमच्या पुढं जाती. तर भात वाटीनं मोजा, दाबून भरू नका, आणि ज्या दिवशी भात त्या दिवशी भाकरी नाही. दोन्ही एकाच डब्यात, ही लग्नाच्या पंगतीची सवय आहे.

दहीबुत्ती तर उन्हाळ्यात मला रोज चालती. ती आंबू नये म्हणून सकाळी भातात सगळं दही कालवायचंच नाही. ताजा भात मऊ शिजवून कोमट होऊ द्या, घोटा, त्यात अर्धी वाटी दूध घाला आणि दही नुसतं एक चमचा, विरजणाइतकं. दूध मी नंदिनीचं निळं पाकीट वापरतो, त्यात फॅट ३ टक्केच असतंय. दुपारी एकला डबा उघडला की आतच दही लागलेलं असतंय, गोड, आंबट नाही. मीठ थोडं कमीच टाका आणि खाताना लागलं तर घ्या. गाजर किसून, कोथिंबीर, आलं, मोहरीची अर्ध्या चमच्याची फोडणी. काकडी घालायची असली तर किसून पिळून घाला, नाहीतर डबाभर पाणी होतंय. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत दही लागत नाही, तेव्हा दोन चमचे घालून डबा टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवायचा. नाहीतर थंडीत नादच सोडायचा.

उसळ, डब्याचा खरा आधार

पोट संध्याकाळपर्यंत थांबवणारी गोष्ट म्हणजे कडधान्य. ४० ग्रॅम कोरडा मसूर घेतला तर १४० कॅलरी आणि नऊ-दहा ग्रॅम प्रोटीन, शिजल्यावर मोठी वाटीभर होतोय. आणि मसूर आपला हक्काचा आहे, शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात भात निघाल्यावर पेरतात, नवा आला की दहा किलो घेऊन ठेवा. त्याचा मोठा गुण म्हणजे रात्री भिजवायला विसरलात तरी चालतंय, सकाळी कुकरला लावला की होतोय. मी विसरतोच, आठवड्यातनं एकदा तरी.

बाकी मग मडकी (मटकी म्हणा, आमच्याकडं मडकीच), हिरवे मूग, अळसंदे (चवळी), हुलगे, काळे वाटाणे. मोड आणायचं तर उन्हाळ्यात एक दिवसात येतात, पण बेळगावच्या पावसात जुलै-ऑगस्टमध्ये दोन दोन दिवस नुसते बसून राहतात आणि मग वास यायला लागतोय. त्याला उपाय, भिजलेलं कडधान्य निथळून फडक्यात घट्ट बांधायचं आणि नुकत्याच रिकाम्या केलेल्या कोमट कुकरमध्ये झाकून ठेवायचं, किंवा फ्रीजच्या मागच्या बाजूला जिथं ऊब असती तिथं. तरी नाही आले मोड तर तसंच शिजवा, बिना मोडाची उसळ खाल्ली म्हणून कोण हसत नाही. आणि मोड आलेलं कच्चं डब्यात नेऊ नका, पावसाळ्यात तर नाहीच, एक वाफ तरी काढा.

उसळीत पाणी कमी ठेवा, सुकीच करा. मी एकदा हुलग्याचं कळण घेऊन गोगट्यांच्या सर्कलपर्यंत पोचलो आणि पाठीवर गरम गरम लागायला लागलं, बॅगेतल्या चलनांवर अजून पिवळे डाग आहेत. आमटी न्यायचीच असली तर ती जाड करा, पिठल्यासारखी, आणि झाकणातली रबरची रिंग तपासा.

आमच्या त्या धारवाडवाल्यानं मला शिकवलेली एक गोष्ट सोन्यासारखी आहे. कोसंबरी. आपली कोशिंबीरच, पण त्यात मुगाची डाळ भिजवलेली. सालं काढलेली पिवळी डाळ अर्धी-पाऊण वाटी सकाळी उठल्या उठल्या भिजत घालायची, तासा-दीड तासात नखानं तुटती, पाणी काढून टाकायचं, काकडी बारीक चिरून, गाजर किसून, खोबरं चमचाभर, कोथिंबीर, हिरवी मिरची. लिंबू आणि मीठ वेगळ्या पुडीत न्यायचं आणि खाताना घालायचं, आधी घातलं की पाणी सुटलंच. गॅस पेटवायचा नाही, तेल नाही. ज्या दिवशी उशीर झालाय त्या दिवशी कोसंबरी, दोन उकडलेली अंडी आणि ड्रॉवरमधली कडक भाकरी, जेवण झालं. अंड्यात एका सत्तर-पंचाहत्तर कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रोटीन, बटाटेवड्यापेक्षा कितीतरी स्वस्तात काम होतंय.

भाजी जास्त, म्हणजे खरंच जास्त

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराबद्दल ज्या सूचना काढल्या त्यात दिवसाच्या ताटातला अर्धा भाग भाज्या आणि फळांचा सांगितलाय. आपल्या डब्यात भाजी किती असती? भाकरीला लावून संपेल एवढी. मी डबा उलटा करून टाकला, तीन कप्प्यातला सगळ्यात मोठा कप्पा भाजीला, मधला उसळीला, छोट्यात भाकरी घडी घालून. नुसत्या कप्प्यांची अदलाबदल केली तरी दोनशे कॅलरी कमी होतात, बघा करून.

भाजीची तक्रार आपण करायचीच नाही, अख्ख्या गोव्याला आपल्या बेळगावातनं भाजी जाती. मेथी, राजगिरा, चाकवत, शेपू, हरभऱ्याचा पाला, हंगामात काय पाहिजे ते. दोन जुड्या चिरल्या की शिजून वाटीभर होतात, त्यामुळं चिरताना डोंगर दिसला तरी घाबरू नका. लसूण ठेचून, एक चमचा तेल, मूठभर भिजलेली मुगाची डाळ, झालं. अंबाडी, कन्नड घरात जिला पुंडी म्हणतात, ती डब्याला फार चांगली, आंबट असल्यामुळं दुपारपर्यंत चव जात नाही. जोंधळ्याच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून शिजवायची, वरनं लसणीची फोडणी, फक्त ती फोडणी आमच्या आईच्या हातात द्यायची नाही. फळभाज्यात दोडका, पडवळ, दुधी, कोबी, गवार, ढब्बू मिरची. बटाटा मी पूर्ण सोडलेला नाही, पण भाजीत निम्मा फ्लॉवर नाहीतर गवार टाकतो. पीठ पेरून केलेली ढब्बूची भाजी सगळ्यांना आवडती, पण बेसन तेल पितंय, त्यामुळं पीठ आधी कोरडंच भाजून घ्या आणि मग पेरा.

काकडी, मुळा, गाजर हे चिरून न्यायची पण गरज नाही, अख्खं न्या, तिथं चिरा. चिरून नेलं की एक वाजता ते कुणीच खात नाही, बुळबुळीत झालेलं असतंय. लोणचं, पापड यात कॅलरीपेक्षा मीठ जास्त, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ असावं म्हणतात आणि एक फोड लोणचं त्यातलं बरंच खाऊन टाकतंय. बीपीवाल्यांनी लिंबाच्या फोडीवर भागवावं.

उपवासाचं मात्र बोलायलाच पाहिजे. एकादशीला आमच्या ऑफिसात अर्ध्या लोकांच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी, तूप, कूट, वर बटाटा, आणि म्हणतात आज उपवास आहे, हलकं खाल्लंय! सगळ्या आठवड्यातला जड डबा तोच असतोय. आपल्या पश्चिम भागातली रताळी देशभर जातात आणि आपण साबुदाणा आणतो बाहेरनं. रताळं उकडा, १०० ग्रॅमला नव्वदच्या आत कॅलरी, सोबत ताक नाहीतर दही आणि एक फळ. दोन मध्यम रताळ्यात माणूस गार होतोय.

रविवारचं मटण सोमवारी न्यायचं असलं तर रस्सा रात्री थंड करून फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी वर चरबीचा पांढरा थर जमलेला असतोय, तो चमच्यानं उचलून टाका, खालचा रस्सा चांगला खळखळून उकळा आणि तीन-चार फोडी न्या. पांढरा थर टाकताना जीव तुटतोय, मला माहिती आहे.

भरायची पद्धत

रात्री झोपायच्या आधी वीस मिनिटं दिली तर सकाळ सोपी जाती. कडधान्य भिजवणं किंवा निथळून बांधणं, पालेभाजी निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये, लसूण सोललेला, डबा आणि बाटली ओट्यावर मांडलेली. निवडलेली भाजी धुवायची सकाळी, रात्री धुतली की कुजती. सकाळी एका बाजूला कुकर, एका बाजूला भाकरी, मधल्या वेळेत भाजी. मला पन्नास मिनिटं लागतात, सुरवातीला दीड तास लागायचा आणि गॅसचा ओटा बघण्यासारखा व्हायचा.

गरम गरम उसळ डब्यात घालून लगेच झाकण लावू नका. मी मे महिन्यात एकदा घाईत प्लास्टिकच्या डब्यात मुगाची उसळ उकळती भरली, घट्ट बंद केली, पाच तासानं उघडली तर फेस आलेला आणि वास, त्या दिवशी सगळ्यांच्या डब्यातला एकेक घास खाऊन दिवस काढला. चूक माझीच. शिजवलेलं अन्न ना गरम ना गार अशा कोमट अवस्थेत दोन तासापेक्षा जास्त राहिलं की जंतू वाढायला लागतात, भात आणि कडधान्यात तर लवकरच. म्हणून ताटात पसरून पंख्याखाली दहा मिनिटं, वाफ गेली की स्टीलच्या डब्यात, आणि ऑफिसात फ्रीज असला तर पोचल्या पोचल्या आत ठेवा आणि खाताना चांगलं गरम करा. फ्रीज नसला तर उन्हाळ्यात ओलं खोबरं घातलेलं काही नेऊ नका, कोसंबरीत पण खोबरं टाळा. फ्रीजच नाही आणि ऊन पण कडक अशा दिवशी कडक भाकरी, कोरडी चटणी आणि अख्खी काकडी, यात बिघडण्यासारखं काय फार नाही.

हॉटपॉटसारखा गरम ठेवणारा डबा घेतला असेल तर उलटं, त्यात आधी उकळतं पाणी घालून पाच मिनिटं ठेवायचं, पाणी टाकायचं आणि मग अन्न एकदम कडकडीत भरायचं. अर्धवट कोमट त्यात घातलं तर ते दुपारपर्यंत छान उबवतंय.

ताक वेगळ्या बाटलीत. एक वाटी दह्याचं दोन मोठे ग्लास पातळ ताक होतंय, एका ग्लासात पन्नासच्या आसपास कॅलरी. मी अर्धं जेवणाबरोबर पितो आणि अर्धं चार वाजता, कारण चार वाजता भूक नसती, सवय असती. पोटात काय तरी गेलं की सवय पण शांत बसती, निम्म्या वेळेला तरी.

वाटून खायची भानगड

आपल्याकडं एकट्यानं डबा खाता येत नाही, ते बरं पण दिसत नाही. पाच डबे उघडतात, प्रत्येकजण घे की घे की म्हणतोय, आणि तुम्ही घरातनं मोजून आणलेल्या सहाशेचे एक हजार होतात. नाही म्हणायला जाऊ नका, माणसं दुखावतात. मी काय करतो, जास्तीची भाजी आणि उसळ मीच नेतो, वाटायला, आणि दुसऱ्याचं घेताना भाजी घेतो, चपाती घेत नाही. कुणाचा वाढदिवस असला की कुंदा येतोच, बेळगावात राहून कुंद्याला नाही म्हणणारा अजून जन्माला यायचाय. एक चमचा घ्यायचा आणि जागेवरनं उठायचं. उठायचं महत्त्वाचं आहे, बसून राहिलं की दुसरा चमचा आपोआप येतोय.

चहाचं पण धरा. दोन चमचे साखरेचा एक कप सत्तर-ऐंशी कॅलरी, दिवसात चार झाले की तीनशे, म्हणजे डब्यात वाचवलेलं निम्मं तिथं गेलं. मी साखर दोनावरनं अर्ध्यावर आणली, महिनाभरात, एकदम नाही.

आणि हा डबा सगळ्यांसाठी नाही हे लिहून ठेवतो. आमच्याच कारखान्यात भट्टीवर आणि मोल्डिंगला उभी राहणारी पोरं आहेत, आठ तास घाम गाळतात, त्यांनी माझं बघून एक भाकरी नेली तर दुपारी चक्कर येऊन पडतील. त्यांनी तीन भाकऱ्या खाव्यात, भात खावा, तेल तेवढं आवरावं. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी भाकरी-भात एकदम कमी करायच्या आधी डॉक्टरांना विचारा, शुगर खाली गेली तर ते वर गेल्यापेक्षा वाईट. बायकोच्या डब्यात मी एकच भाकरी ठेवतो पण अंडी किंवा पनीरचे चार तुकडे जास्त, तिचं दिवसभर वॉर्डात फिरणं असतंय. सुरवातीला दोघांना सारखाच डबा दिला होता, आठवड्यानं तिनं रिकामा डबा ओट्यावर आपटला तेव्हा समजलं.

शुक्रवारी आमचा ग्रुप डबा न आणता बाहेर जातोय, तो दिवस मी मोडत नाही. तिथं इडली घेतो, एक इडली साधारण पन्नास-साठ, तीन खाल्ल्या तरी दोनशेच्या आत. मेदूवडा एकच त्याच्या दुप्पट. सांबार पाहिजे तेवढं मागून घ्या, दोनदा मागा, कोण काय म्हणत नाही. खोबऱ्याची चटणी मात्र वाटीनं ओतू नका, आणि समोरचा मसाला डोसा मागवत असला तर त्याच्या ताटाकडं बघू नका, कडेचा कुरकुरीत तुकडा तो तुम्हाला देणारच आहे.